शिंग पूर्वेला, गस्त पश्चिमेला

गंभीररावमहाराजांच्या अंजिराच्या बागेत रोज गस्त आणि रोज चोरी! गस्त तरी केवढी? पुढे शिंगवाला, मागे चाळीस शिपाई आणि त्यांच्यामागे पानाचा डबा. दुपारची जेवणं उरकली की ही वरात शिंग फुंकत पूर्वेच्या दरवाजातून आत शिरायची. शिंग ऐकलं की चोर पश्चिमेच्या कुंपणातून निवांत सटकायचा.

महाराजांनी दोष दिला तो बागवान कोंडिबाला. "आठ दिवसांत चोर पकडून दे, नाहीतर बागेतली झोपडी सोड. एकही शिपाई वाढवून मिळणार नाही. आणि शिंग वाजलंच पाहिजे. पणजोबांपासून आमची गस्त शिंगाशिवाय निघालेली नाही!"

कोंडिबाला रडूच फुटलं. त्याची मुलगी हौसा म्हणाली, "महाराज, गस्त एक दिवस माझ्या हाती द्या. शिंग वाजवते की."

दुसऱ्या दिवशी तिने चाळीसही शिपायांना चपला काढायला लावल्या, पानाचा डबा काढून घेतला आणि सगळ्यांना पश्चिमेच्या कुंपणाबाहेर झुडपांत गुपचूप बसवलं. पूर्वेच्या दरवाजातून एकटा शिंगवाला शिरला. त्याने जोरात शिंग फुंकलं आणि चोर कुंपणातून सरपटत थेट शिपायांच्या मांडीवर आला. पाहतात तर राणीसाहेबांचे सख्खे भाऊ, पर्वतराव! धोतराचा ओचा अंजिरांनी भरलेला.

दरबारात महाराज आधी हौसावरच उखडले. "तू आमची रीत मोडलीस!"

"नाही महाराज. गस्त निघाली तेव्हा शिंग वाजलंच. फक्त दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. पहारा आहे हे चोराला कळावं, पण कुठे आहे ते कळू नये. त्यालाच गस्त म्हणायचं. आपली होती ती मिरवणूक."

महाराजांनी हौसाला जवळ बोलावलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, आता याचं काय करू? शिक्षा केली तर राणीसाहेब मला जेवायला वाढणार नाहीत. सोडला तर राज्य हसेल."

"शिक्षा कशाला? नोकरी द्या. उद्यापासून मामासाहेबांना गस्तीवर घ्या. कुंपण कुठे फाटलंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?"

महाराज पोट धरधरून हसले. झोपडी कोंडिबाच्या नावे कायमची झाली, हौसा गस्तीची नाईक झाली, आणि पर्वतराव तिच्या हाताखाली भर उन्हात, अनवाणी, बागेला फेऱ्या मारू लागले.