शिवणीचं रोप आणि पांढरा धागा

डोंगर बोडका झाला, त्या काळातली ही गोष्ट. पायथ्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरताना प्रत्येकीत जुन्या झाडाखालची मूठभर माती टाकायची रीत होती. त्या मातीतून बुरशीचा एक पांढरा धागा आला आणि शिवणीच्या रोपाच्या मुळाला बिलगला. तो मातीच्या कानाकोपऱ्यातून ओल आणि खाऊ आणायचा; रोप त्याला पानांत केलेली थोडी साखर द्यायचं.

पुढे माळ्याने दाणेदार खत टाकायला सुरुवात केली. रोप तरारलं. त्याला वाटलं, आयतं मिळतंय, मग ह्याला कशाला पोसायचं?

"आजपासून साखर बंद," ते म्हणालं.

"थोडी तरी देत जा रे," धागा म्हणाला. "ही पिशवी काही जन्मभराची नाही."

"तू तुझं बघ!"

धागा उपाशी सुकत गेला. तो बोलायचा थांबला, तेही रोपाला कळलं नाही.

पावसाळ्यात रोपं मुरमाड उतारावर लावली. तिथे खत द्यायला कोण येणार? पाऊस सरला तशी रोपाची पानं पिवळी पडून गळू लागली. शेजारी एक ठेंगणं रोप मात्र हिरवं होतं. वाटिकेत ते कडेला असायचं, माळ्याचा हात त्याच्यापर्यंत पोचायचा नाही. त्याच्या मुळाशी अजून धागा होता.

"इकडे ये ना," शिवणीच्या रोपाने त्या धाग्याला विनवलं. "म्हणशील तेवढी साखर देईन."

धागा खरंच आला. मुळाला चिकटून म्हणाला, "दे."

रोपाने पानं चाचपली. अंगावर एकही उरलं नव्हतं.