रावबाची गाठ आणि घाटातली ट्रॉली

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात रावबा नावाचा एक मांडववाला राहत होता. मांडव घालावा तर रावबानेच! बांबूला बांबू लावून काथ्याची अशी गाठ मारायचा, की वारा सुटो नाहीतर पाऊस कोसळो, मांडव जागचा हलायचा नाही. पाच गावांत त्याच्या गाठीचा बोलबाला होता, आणि त्या बोलबाल्याने गडी पुरता फुगला होता. कुणी काही सांगायला गेलं, की त्याचं एकच उत्तर, "माझी गाठ आजवर सुटलेली नाही."

रावबाकडे एक जीप होती आणि जीपमागे जोडायला दोन चाकांची छोटी ट्रॉली. ती जोडणी गावच्या लोहारीण आक्काने करून दिली होती. ट्रॉलीची दांडी जीपच्या हुकात बसवायची आणि वरून जाड पिन घालायची. पिन उसळून वर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या भोकात खिट्टी अडकवायची. एवढं करूनही पिन निघालीच, तर ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून दोन साखळ्या जीपला लावायच्या. काम पाच मिनिटांचं, पण चुकवायचं नाही असं आक्काने बजावून ठेवलं होतं.

घाटावरच्या गावात एक लग्न निघालं. सकाळीच रावबाने ट्रॉली भरली. जोडायला जातो तर खिट्टी गायब! आणि साखळ्या? त्या त्याने स्वतःच मागच्या बारशात पाळणा टांगायला दिल्या होत्या, त्या तिकडेच राहिलेल्या. जाऊन आणायच्या तर तासभर मोडला असता.

मग काय, साहेबांनी काढला काथ्या! पिन काथ्याने करकचून बांधली, साखळ्यांच्या जागीही काथ्याचेच चार वेढे दिले, आणि वर आपली ती नावाजलेली गाठ मारली.

लोहारीण आक्का तिथूनच चालली होती. ती बघतच राहिली.

"रावबा, अरे लोखंडाला काथ्या? कडेवर घासून तुटेल की तो! आणि बांबू सगळे मागे लोटलेस. दांडी बघ कशी वर उचलतेय. जड सामान थोडं पुढे घे, साखळ्या आण, मगच नीघ."

"आक्का, तू घण घाल. गाठीचं मला शिकवू नकोस," रावबा हसून म्हणाला आणि बायकोकडे वळला. "भामा, चढ ट्रॉलीत. मांडवात टांगायच्या काचेच्या हंड्या मांडीवर घेऊन बस. फुटल्या तर वरमाय डोक्यावर बसेल."

भामा घुटमळली. "अहो, आक्का एवढं सांगतात तर थांबू या की थोडं."

"का गं? माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

आता नवऱ्याने चारचौघांत असं विचारल्यावर बाईने काय बोलावं? चढली बिचारी.

घाटाचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना तोटा नाही. दर खड्ड्याला ट्रॉलीची दांडी उसळत होती, पिन वर यायला बघत होती आणि काथ्या लोखंडाच्या कडेवर घासत होता. रावबाला त्याचा पत्ताच नव्हता. स्वारी गाणं गुणगुणत होती.

तिसरं वळण गेलं. उभा चढ लागला. आणि एकाएकी जीप हलकी झाली, भरकन पुढे पळाली. रावबा खूश! "बघ गं भामा, कशी पळतेय आपली जीप!" असं मागे ओरडून म्हणत त्याने आरशात पाहिलं.

आरशात नुसता रस्ता होता.

त्याने जीप थांबवली, हँडब्रेक ओढला आणि खाली उडी मारली. हुकाला काथ्याचा तुकडा लोंबत होता. गाठ अगदी जशीच्या तशी होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर काथ्या झिजून तुटला होता.

"भामा! अगं भामा!" रावबा उतारावरून धावत सुटला. वळणावर आला आणि जागीच थिजला. ट्रॉली मागच्या मागे घरंगळत गेली होती, कठडा फोडून अर्धी दरीवर लोंबकळत होती. बांबूंचा भारा हवेत, पुढची दांडी वर उचललेली, आणि मधोमध भामा बसलेली. हंड्या पोटाशी घट्ट धरलेल्या, डोळे सताड उघडे.

"बाई, हलू नका!" खालच्या माळावर मेंढरं चारणारे दोन धनगर आवाज ऐकून वर धावले होते. दोघे दांडीला लोंबकळले आणि सगळा भार टाकून त्यांनी ती खाली दाबून धरली. रावबाने कसाबसा हात पोचवून भामाला ओढून घेतलं. ती रस्त्यावर आली आणि धनगरांचे हात सुटले. ट्रॉली बांबूंसकट दरीत गेली. बराच वेळ खालून आवाज येत राहिला.

भामाच्या हातातल्या हंड्या सुटेनात. रावबाने तिचं एकेक बोट उलगडलं. हंड्यांना साधा ओरखडाही नव्हता. रावबा तिथेच मातीत बसून ढसाढसा रडला.

पुढे आक्काने दुसरी ट्रॉली करून दिली. घाटावरच्याच पुढच्या सुपारीला रावबाने जड सामान पुढे घेतलं, पिन घातली, खिट्टी लावली, दोन्ही साखळ्या अडकवल्या आणि दांडी हलवून हलवून पाहिली. मग जीपचं दार उघडून म्हणाला, "चल भामा. आता मागे नाही, माझ्या शेजारी बस."

भामाने साखळ्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही या जीपने," ती शांतपणे म्हणाली. "मी पायी येते."

आणि पदर खोचून ती घाटाला लागली. रावबाला तिला थांबवायचं धाडस झालं नाही. सबंध घाटभर ती पुढे चालत होती, आणि तो तिच्या मागे पहिल्या गिअरमध्ये जीप हाकत होता.

तात्पर्य घ्यायचं ते एवढंच: जिथे साखळी लागते तिथे साखळीच लावावी, आपल्या हुशारीच्या जोरावर दुसऱ्याचा जीव टांगू नये. जीव एखादवेळी वाचतो, भरवसा वाचेलच असं नाही.