शेवंताक्काची नांद

“पण अक्का, तुम्ही नांदेत नक्की काय टाकता?”

“टाकळ्याचं बी. गूळ. चुना. आन् नीळ.”

“तेच तर मीही टाकतो.”

“मग झालं की.”

“आणि अजून?”

शेवंताक्काने कमरेची चंची सोडली. सुपारीचं खांड दाढेखाली धरलं.

“अजून काय न्हाई,” ती म्हणाली.

सुयोगचा विश्वास बसला नाही. साडेतीन महिन्यांत एकदाही बसला नव्हता.

ओढ्याकाठी पत्र्याची एक शेड होती. शेडमध्ये दोन नांदी, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या. उजवीकडची शेवंताक्काची, डावीकडची सुयोगची. त्या सगळ्या मुलखात सुताला खऱ्या निळीचा रंग देणारी अक्का तेवढी एकटीच उरली होती. वय सत्तरीच्या पुढे. हात कोपरापर्यंत निळे; ते धुऊन जात नसत आणि ती धूतही नसे.

निळीची नांद जिवंत असते, असं रंगारी म्हणतात. जिवंत नांदेवर तांबूस साय धरते, कडेला निळा फेस येतो. तिच्यात बुडवलेलं सूत हिरवट बाहेर येतं आणि बघता बघता वाऱ्यावर निळं होतं. मेलेल्या नांदेतून मात्र सूत निघतं ते राखेसारखं.

अक्काची नांद चाळीस वर्षांत एकदाही रिकामी झाली नव्हती, असं लोक सांगत.

सुयोगच्या तीन नांदी मेल्या होत्या.

तो विणकराचा मुलगा. शहरात राहून रंगाईची पदवी घेतलेला. घरी सांगून आला होता, “तीन महिन्यांत शिकून येतो. एक म्हातारी करते ते मला जमणार नाही का?” वडील एवढंच म्हणाले, “चार महिने घे. मार्गशीर्ष संपेपर्यंत जमलं तर आपल्या मागावर तुझ्या हातची नीळ चढवू. नाही जमलं तर काकाच्या दुकानात बसायचं.”

काकाचं दुकान रंगाच्या डब्यांचं होतं. डब्यातला निळा पाण्यात टाकला की झालं. तो मरतही नाही आणि जगतही नाही. लहानपणापासून सुयोगला त्या दुकानाचा वास नकोसा वाटायचा.

चौथी नांद लावली तेव्हा मार्गशीर्षाचे शेवटचे पंधरा दिवस उरले होते.

आता सुयोगने ठरवलं, की नांदेवर लक्ष ठेवायचं ते ठेवूच. पण खरं लक्ष ठेवायचं ते म्हातारीवर.

कारण माप एकच, चुना एकच, ओढ्याचं पाणीही एकच. तिची नांद जगते आणि आपली मरते, याचा अर्थ सरळ होता. ती काहीतरी लपवत होती.

पहिल्याच दिवशी तिने दोन अटी घातल्या होत्या. एक, नांदेचं झाकण दिवसातून दोनदाच उघडायचं, सकाळी आणि दिवेलागणीला. दुसरी, माझ्या नांदेला हात लावायचा नाही.

दुसरी अट आठवली की सुयोग मनाशी हसायचा. हात लावायचा नाही म्हणे. का बरं?

त्याने तिच्या गुळाच्या ढेपेवर नखाने बारीक खूण केली. गूळ सांगितला तेवढाच कमी होत होता. ती ओढ्यावर गेलेली असताना त्याने तिची चंची उघडून हुंगली. सुपारी, कात, चुना आणि तंबाखू. तंबाखूने त्याला एवढ्या शिंका आल्या, की ओढ्यावरून अक्काने विचारलं, “सर्दी झाली का रं?”

“थंडी आहे,” तो म्हणाला.

“व्हय. थंडी लई हाय औंदा.”

ती असं बोलली, की त्यातही त्याला काहीतरी दडलेलं वाटलं.

मग त्याने तिच्या झाकणावर कडुलिंबाची एक काडी आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा काडी खाली पडलेली होती. त्याच्याही दुसऱ्या दिवशी तेच. म्हणजे तो उठायच्या आधी ती नांद उघडत होती.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास तो सरपणाच्या ढिगामागे जाऊन बसला.

अक्का आली. तिने रात्री नांदेवर घातलेली आपली गोधडी काढली. थंडीच्या दिवसांत स्वतःची गोधडी नांदेला घालायची आणि आपण पोत्यावर निजायचं, हे त्याला आधीपासूनच विचित्र वाटत होतं. तिने झाकण उचललं. आत वाकली. ओठ हलले. पदराआडून काहीतरी मूठभर आत सोडलं, काठीने एकच फेरा हलवलं, झाकण ठेवलं आणि गोधडी पुन्हा नीट खोचली.

सगळं मिळून दोन मिनिटं.

मूठभर काय? आणि ओठ कशाला हलले?

सकाळी त्याने भाकरी मोडता मोडता सहज विचारल्यासारखं विचारलं, “अक्का, नांदेशी काही म्हणावं लागतं का? म्हणजे मंत्र वगैरे...”

“म्हनते की.”

“काय?”

“शिव्या घालते.”

ती भाकरी खात राहिली.

“आणि मूठभर काय टाकता?”

“सरपनामागं बसून दिसलं न्हाई व्हय?” अक्का म्हणाली. “टाकळ्याचं बी. शिजवल्यालं. तुला पयल्या दिवशीच सांगितलंय.”

सुयोगचे कान तापले. पण संशय काही कमी झाला नाही. उलट वाढला. जी बाई इतकं बघते, ती इतकं लपवूही शकते.

त्याच आठवड्यात बंडू साळी आला. पलीकडच्या वाडीचा विणकर, तोंडाचा फाटका. अक्काकडे त्याचं सूत रंगायला पडलं होतं.

“काय इंजिनेर,” तो सुयोगला म्हणाला, “हात अजून पांढरेच? लगीन ठरलंय का काय?”

“बंडू, गप,” अक्का म्हणाली. “सूत गुरुवारी ने.”

“गेल्या गुरुवारीबी गुरुवारच म्हनली होतीस.”

“तवाचा गुरुवार येगळा.”

बंडू हसत, कुरकुरत निघून गेला. सुयोगने मात्र मनात गाठ मारली. म्हणजे दोन गुरुवार ही सूत रंगवत नाही आहे. का? सूत रंगवताना आपण बघू म्हणून. आपण जाईपर्यंत ती थांबून राहणार. आपली गाडी गेली, की झाकण उघडणार.

एवढं सगळं जुळल्यावर त्याला राग आला. आणि थोडं बरंही वाटलं. दोष आपल्या हातात नव्हता तर.

मग तो आपली नांद दिवसातून दहा-बारा वेळा उघडून बघू लागला. फेस आला का? साय धरली का? अक्का पाणी आणायला गेली, की उघड. भाकरी थापायला बसली, की उघड. आपण नसताना तिने काही टाकलं तर नाही ना, याचीही खात्री करायला हवी होती.

“झाकण दिसातनं किती येळा उघडतोस?” एका संध्याकाळी अक्काने विचारलं.

“दोनदा.”

तिने त्याच्या नांदेच्या कडेवर वारा लागून जमलेला जाड, निळा, वाळलेला थर बोटाने खरवडला. बोट पदराला पुसलं.

“बरं,” ती म्हणाली.

मार्गशीर्षाच्या शेवटच्या सकाळी सुयोगने झाकण उघडलं आणि त्याला वासावरूनच कळलं.

साय नव्हती. फेस नव्हता. पाणी गढूळ करडं. त्याने दोऱ्याचा तुकडा बुडवून बाहेर काढला आणि वाऱ्यावर धरला. दोरा करडाच राहिला. तो धरून उभा राहिला. अजून थोडा वेळ... अजून थोडा...

दोरा वाळून गेला.

अकराची एसटी होती. त्याने पिशवी भरली. वडिलांना काय सांगायचं ते मनात जुळवून बघितलं, जुळलं नाही. मग आधीच्या तीन नांदी उपसल्या तशी ही उपसायला म्हणून तांब्या घेतला. तांब्याभर पाणी काढून त्याने ओढ्याकडे फेकलं आणि थांबला.

अक्का शेडच्या मागे होती. पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता.

आता जायचंच होतं. मग बघूनच जावं.

तो तिच्या नांदेजवळ गेला. गोधडी ओढून काढली. झाकण उचललं.

आत साय नव्हती. फेस नव्हता. पाणी गढूळ करडं, आणि वास... तोच वास.

सुयोग तिथेच उकिडवा बसला. त्याने बोट बुडवून पाहिलं. पुन्हा वास घेतला. आपलं काही चुकत नाही ना म्हणून आपल्या नांदेशी जाऊन आला. दोन्ही सारख्या होत्या.

तो मागच्या बाजूला गेला.

“अक्का. तुमची नांद मेलीय.”

ती दगडावर बसली होती. तिने मान वर केली नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “एकवीस दिस झालं.”

“एकवीस...”

“थंडीत मरती ती.”

“मरती म्हणजे? लोक तर म्हणतात चाळीस वर्षं...”

“चाळीस वर्सं वतून दिली न्हाई. मेली न्हाई असं कुनी सांगितलं तुला? गेल्या साली बी मेली व्हती. सासूबाई गेल्या तवा दोन म्हैने मेल्याली व्हती, मला वाटलं त्येंच्यासंगं गेली. त्याच्या आदी किती येळा, ते मी काय गाठी मारून ठिवलं न्हाई.”

दोन गुरुवार, गोधडी, पहाटेची मूठ, सगळं त्याच्या डोक्यात उलटं होऊन पडलं. पण सवय इतक्या लवकर सुटत नाही.

“मग मला का नाही सांगितलं?” तो म्हणाला. “माझ्या तीन नांदी मी तुमच्या डोळ्यांदेखत ओढ्यात ओतल्या. तुम्ही तिथंच बसला होतात. एका शब्दाने थांबवलं नाहीत.”

“थांबीवलं असतं तर थांबला असतास?”

सुयोगने ओढ्याकडे पाहिलं.

“तू म्हनाला असतास, म्हातारी कायतरी लपिवती.” अक्काने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. “चार म्हैने तू मला एकच इचारलंस. आत काय टाकता. मेल्यावर काय करता, हे इचारलंस का?”

...

ओढ्याचं पाणी वाहत होतं. लांब, चढावर, एसटीच्या इंजिनाचा घरघराट सुरू झाला होता. चढ संपला की गाडी फाट्यावर पाच मिनिटं थांबायची. फाटा हाकेच्या अंतरावर.

“मेल्यावर काय करता?” सुयोगने विचारलं.

“जित्ती असताना करते तेच.”

“आणि मग जगते ती?”

“आतापातुर जगलीया.”

“या वेळेला कशावरून?”

“ते मला काय म्हाईत.”

एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली, आणि ती काय करते आहे याकडे सुयोगचं आत्ता कुठे लक्ष गेलं. तिच्यासमोर बंडू साळ्याच्या सुताच्या लडी होत्या. एकेक लड ती ओढ्याच्या साध्या पाण्यात बुडवत होती, दाबत होती, पुन्हा बुडवत होती. काल भिजवून वाळलेल्या, आज पुन्हा भिजत घातलेल्या. कडेच्या सुतांना रोजच्या पाण्याने लव आली होती.

रंगात घालायचं सूत आधी भिजवून घ्यावं लागतं. नाहीतर रंग डागाडागाने बसतो. हे सुयोगला महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण ते सूत रंगवायच्या वेळी. रंग तयार असताना.

एकवीस दिवस. एकवीस वेळा.

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

सुयोग शेडमध्ये गेला. आपल्या नांदेशी उभा राहिला. तांब्या उचलून खुंटीला अडकवला. झाकण घेतलं आणि नांदेवर ठेवलं; ठेवल्यावर हाताने दाबून ते नीट बसलं का ते पाहिलं. मग अक्काची ओढून टाकलेली गोधडी उचलून, झटकून, तिच्या नांदेवर घातली.

परत आला तेव्हा अक्का एकटीच लड पिळायचा प्रयत्न करत होती. लड पिळायला दोन माणसं लागतात. त्याने पिशवी झाडाखाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि लडीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी उलटसुलट पीळ दिला. थंडगार पाणी त्याच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं.

पुन्हा एकदा हॉर्न वाजला. मग घरघराट उताराला लागला आणि हळूहळू विरत गेला.

दुसरी लड. तिसरी लड.

“अक्का,” तो म्हणाला, “संशय म्हणून नाही विचारत. खरंच विचारतो.”

“इचार की.”

“नांद आज जागी होणार नाही, हे तुम्हाला पहाटे झाकण उघडल्यावरच कळतं. मग हे सूत रोज कशाला भिजवायचं?”

अक्काने चौथी लड पाण्यातून वर काढली आणि तिचं टोक त्याच्या हातात दिलं.

“आन् दुपारी जागी झाली ती,” ती म्हणाली, “नि सूत कोरडं असलं, तर मी तिला काय सांगू?”