ट्रंपेट आणि लिंबाचं लोणचं

हिवरेगड संस्थानच्या बँडमधली चारही ट्रंपेट एके दिवशी फुसफुसू लागली. मिनेझिस मास्तर गाल फुगवून फुंकायचे, बोटं व्हॉल्व्हवर नाचवायचे, आणि सुराऐवजी बाहेर यायचा तो सायकलच्या पंक्चरचा आवाज. दसरा आठ दिवसांवर होता आणि रणधीरराव महाराजांना दसऱ्याच्या स्वारीपुढे बँड लागायचाच.

दोष उघड होता. ट्रंपेटच्या पोटात तीन व्हॉल्व्ह नळीत घट्ट बसून वरखाली होतात. ते झिजले की फटीतून हवा निसटते. आता ते झिजले कसे, हेही सगळ्या वाड्याला ठाऊक होतं, फक्त बोलायची कोणाची छाती नव्हती. सहा वर्षांपूर्वी महाराजांच्या पांढऱ्या हातमोज्याला ट्रंपेटच्या तेलाचा काळा डाग लागला. तेव्हा त्यांनी फर्मावलं की वाद्यं आतून-बाहेरून देवघरातल्या भांड्यांसारखी लख्ख हवीत. व्हॉल्व्हला तेल लागतं, राख नव्हे, असं मास्तरांनी हात जोडून सांगितलं, पण महाराजांनी ऐकलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी व्हॉल्व्ह मोरीवर जायचे आणि मुदपाकखान्यातली हौसा ते चिंच आणि राखेने खसाखसा घासायची.

संस्थानचा तांबट म्हणाला, झिजलेल्या व्हॉल्व्हवर नव्या धातूचा मुलामा चढवतो, नळीच्या मापाने घासून बसवतो, चार दिवसांचं काम. महाराज भडकले. आजोबांनी हौसेने आणवलेल्या वाद्यांत परका धातू? तो कणभरही चालणार नाही. जो झिजला तोच शोधून आणा आणि परत बसवा! मास्तरांनी विचारलं, झिजलेला धातू कुठे शोधायचा? महाराजांनी तिथल्या तिथे लेखी हुकूम काढला: झिजून गेलेला धातू संस्थानच्या हद्दीत जिथे असेल तिथून, कोणाचीही भीड न धरता, काढून घ्यावा. दसऱ्यापर्यंत न मिळाल्यास बँड बंद आणि मास्तरांनी संस्थान सोडावं.

मास्तरांनी बावीस वर्षं या बँडला घातली होती. हुकूम हातात घेऊन ते मोरीजवळच्या पायरीवर येऊन बसले आणि डोळे पुसू लागले. हौसाला ते बघवेना. घासलं तर तिनेच होतं. हुकमाने घासलं खरं, पण हात तिचेच. तिने मास्तरांकडून हुकूम दोनदा वाचून घेतला आणि विचार करत बसली. व्हॉल्व्हचा धातू तिच्या राखेत गेला, राख पाण्यात गेली. मग पाणी कुठे गेलं? मोरीचं पाणी माळी रोज कुठे ओततो, ते तिला आठवलं. ती एकटीच हसायला लागली. मास्तरांना वाटलं, बाईला वेड लागलं.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना भरल्या दरबारात हौसा आली. एका हातात एरंडेलाची बाटली, दुसऱ्या हातात तराजू, आणि मागून दोन गडी मोठं घंगाळ घेऊन. मिळाला का धातू, असं महाराजांनी विचारलं.

"घावला, म्हाराज. पर काढायला जरा तरास हाय."

"कोणाकडे आहे? हुकूम दाखव त्याला!"

"त्येंनीच काढलाय हुकूम."

हौसाने पदर सावरला आणि सगळं सांगून टाकलं. व्हॉल्व्ह घासलेलं पाणी सहा वर्षं मोरीमागच्या लिंबाच्या झाडाला जात होतं. त्या झाडाच्या लिंबांचं लोणचं फक्त महाराजांच्या ताटात वाढलं जायचं. राणीसाहेबांनासुद्धा त्यातली फोड मिळत नसे. तेव्हा धातू संस्थानच्या हद्दीतच आहे, महाराजांच्या पोटात.

महाराजांचा हात नकळत पोटावर गेला. "म्हणजे आम्ही ट्रंपेट खाल्ली?"

"समदी न्हाई, म्हाराज. निस्ते व्हॉल्व्ह."

वैद्यबुवांनी मिशीआड हसू दाबलं. महाराजांनी त्यांना विचारलं, असं काही होतं का? वैद्यबुवा मोठे धूर्त. ते म्हणाले की पोटात बघायला कोण गेलंय, पण सहा वर्षांचं लोणचं म्हणजे रोज वाटीभर एरंडेल, किमान महिनाभर. हौसाने लगेच वाटी भरली.

"दसऱ्याच्या स्वारीचं काय मग?" महाराज घाबरून म्हणाले.

"स्वारी निघंल की. घंगाळ हत्तीवर ठिवू. हुकमात लिवलंय, कुनाची भीड धरू नगा."

महाराजांनी बाटलीकडे पाहिलं, घंगाळाकडे पाहिलं, मग मनातल्या मनात हत्तीकडे पाहिलं. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे, आणि शेवटी ते सिंहासनाच्या दांडीला धरून असे हसले की फेटा सुटला. हसता हसताच त्यांनी तांबटाला मुलामा चढवायला सांगितलं. मास्तरांना शेला दिला आणि त्यांची नोकरी कायम केली. हौसाला त्यांनी स्वतःच्या हातातलं चांदीचं कडं काढून दिलं.

कडं जरा काळवंडलं होतं. हौसाने ते उजेडात धरून पाहिलं.

"घेते, म्हाराज," ती म्हणाली, "पर ह्ये मी घासनार न्हाई. लोनचं तुमालाच खायाचं हाय."