गुडघ्याच्या वाटीचा निवाडा

“गप रे, वर्षभर कोरडा लोंबकळतोस खुंटीला!” बूट पोहण्याच्या चष्म्यावर खेकसला.

वस्तूंना तोंड होतं तेव्हाची ही गोष्ट. पोहणं, सायकल, धावणं एका दमात उरकणाऱ्या हौशी हणमंतरावाच्या शर्यती संपल्या होत्या. पुढच्या हंगामापर्यंत कशाचा सराव करायचा, यावरून घरात जुंपली होती.

“धावण्यात तो वाघ आहे, धावूच दे!” बूट म्हणाला. जे येतं तेच करण्याची हौस मेली भारी!

“घाट चढवा, घाट!” सायकल किणकिणली.

“अहो, पोहताना तो बुडता बुडता वाचलाय, जे कच्चं तेच आधी पक्कं करा,” चष्मा पुटपुटला. दोघं खिदळली.

तेवढ्यात हणमंतरावाच्या सुजलेल्या गुडघ्याची वाटी कडाडली, “मेल्यांनो, माझ्यावर भार न टाकता जो ह्याला दमवील त्यानंच बोलावं, बाकीच्यांनी मी बरी होईपर्यंत माळ्यावर जाऊन बसावं!”