केरबा नावं ठेवत नाही

एका गावात केरबा नावाचा एक भोळा तरुण होता. भोळा हा त्याच्या आत्याचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता आणि जास्त नेमका होता. आईबापाविना पोरक्या झालेल्या पोराला हौसाआत्यानं वाढवलं. आता त्याचं लग्न डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची इच्छा उरली होती. आजवरच्या मुलींनी केरबाला नीट बघितलं आणि शहाण्यासारखं दुसरीकडे लग्न केलं.

शेजारच्या गावात दौलतरावांचा बटाट्याच्या वेफर्सचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन कढया, पत्र्याची शेड आणि शेडपेक्षा मोठी पाटी. त्यांची मुलगी अनुसया हुशार. खारे वेफर्स काय, कुणीही करतं. तिनं वेफर्सना कारल्याची, शेपूची, आमसुलाची, गवती चहाची आणि खरवसाची चव लावली. गिऱ्हाइकांनी लांबूनच नमस्कार केला. मग तिनं सगळ्या चवी एका पुड्यात मिसळल्या आणि तिला बघायला येणाऱ्या मुलांपुढे तो पुडा ठेवायला सुरुवात केली. "चव ओळखा," एवढंच ती म्हणायची. मुलं डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "वा, फारच छान!" फारच छान नावाची चव पुड्यात नव्हती. मुलं परत जायची.

मग केरबा गेला. त्यानं पहिला वेफर तोंडात टाकला.

"कारलं! थू! कडूजहर!"

दुसरा टाकला. "शेपू! आमची म्हस बी खात न्हाई!"

तिसरा टाकला. "गवती चहा! म्हंजी ताप आल्यावर खायाचं व्हय हे?"

दौलतराव लालबुंद झाले. "आमच्या मालाला नावं ठेवता?"

आत्यानं केरबाला चिमटा काढला. "मेल्या, लोकांच्या जिनसेला नावं ठेवू नयेत!"

"बरं, आत्ती. न्हाई ठेवणार."

तेवढ्यात दाराआडून अनुसया म्हणाली, "आप्पा, पण चवी सगळ्या बरोबर ओळखल्या. ह्यांना अजून एकदा बोलवा." केरबानं तिच्याकडे बघितलं आणि त्याला ती मनापासून आवडली. कारल्यासकट आवडली.

मधल्या काळात शेजारी बारसं निघालं. केरबाला घुगऱ्या आवडतात म्हणून तो पहिल्या रांगेत. पाळणा सजला, बायका गोळा झाल्या. बाळाची आत्या वाकून नाव ठेवणार, तोच केरबानं पाळण्यावर झेप घेतली.

"खबरदार! लोकांच्या जिनसेला नावं ठेवायची न्हाईत!"

बाळ रडलं, बाळाची आई रडली, घुगऱ्या सांडल्या. त्या गोंधळात बारसं मोडलं आणि पोराला बरेच दिवस सगळे नुसतं 'ए' म्हणत होते.

हौसाआत्यानं कपाळावर हात मारला. "अरं, बारशाला नाव ठेवायचंच असतंय! आधी मांडीवर घ्यायचं, मग झोळीत घालून हलवायचं, कानात कुर्रर्र करायचं आणि मग छानसं नाव ठेवायचं. आलं का ध्यानात?"

"आलं की!"

आलं म्हटल्यावर आत्याला घाम फुटायला हवा होता. पण तिचा जीव लग्नात अडकलेला. ती त्याला घेऊन पुन्हा दौलतरावांकडे गेली. पुन्हा तोच मिसळीचा पुडा आला.

"हं, ह्या खेपेला नीट नाव सांगा," दौलतराव म्हणाले.

केरबानं एक वेफर हळूच मांडीवर घेतला. उपरण्याची झोळी केली, त्यात त्याला निजवलं, हलवलं. वेफरला कान नसतो. केरबानं बारकाईनं बघून एक वळलेली कड शोधली, तिथं तोंड नेलं आणि म्हणाला, "कुर्रर्र! हिचं नाव बेबीनंदा."

"अहो, खा की तो!" दौलतराव ओरडले.

"लेकराला?" केरबा दचकला.

दौलतराव जोडे शोधायला उठले. पण अनुसया हसून हसून खाली बसली होती. "आप्पा, पुड्यावर हेच छापा. कुर्रर्र!" दौलतराव जोडा हातात धरून थांबले. मुलाची अक्कल नंतर बघता येते, धंद्याचं लगेच बघावं लागतं. त्यांनी लग्न ठरवून टाकलं. अशा रीतीनं दोन्हीकडच्या शहाण्यांनी मिळून ते जमवलं.

परतताना आत्यानं शेवटचं समजावलं. "मनानं कायबाय नावं देऊ नको रं. जिभंला जे लागंल, तेच नाव."

"जिभंला लागंल तेच. पाठ झालं, आत्ती."

लग्न थाटात लागलं. वरात घरी आली, अनुसयानं माप ओलांडलं. लक्ष्मीपूजनाला सगळं गाव दाटीनं बसलं. ताटात तांदूळ पसरले. भटजींनी केरबाच्या हातात अंगठी दिली. "लिहा, नवरीचं नवीन नाव काय ठेवताय?"

आत्याचे डोळे भरून आले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो क्षण हाच. अनुसयाही लाजली. तिनं पदराआडच्या पुड्यातून प्रेमानं एक वेफर काढला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून नवऱ्याच्या तोंडात घातला. पुड्यात खरवसाचा होता. आमसुलाचाही चालला असता. पण मिसळीच्या पुड्याला शुभमुहूर्त कळत नाही.

केरबानं तोंड वाकडं केलं, अंगठी घट्ट धरली आणि तांदळात ठळक, सुंदर अक्षर काढलं.

भटजींनी वाकून मोठ्यानं वाचलं, "सौभाग्यवती... कारलं?"

अनुसयानं उरलेला पुडा केरबाच्या डोक्यावर उपडा केला. आणि हौसाआत्या किंचाळली, "मुडद्या, नावं ठेवू नको म्हणून किती वेळा सांगितलं तुला!"

केसांतला शेपूचा वेफर काढत केरबा शांतपणे म्हणाला, "नावं कुठं ठेवली, आत्ती? एकच ठेवलंय."