माइकची पाठ

“मग नक्कल चालेल की नाही, एवढंच सांगा चाचा. हो किंवा नाही.”

दस्तगीर चाचा सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते.

मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीत, चाचांच्या भावाच्या कारखान्यावरची खोली. खाली तानपुऱ्यांचे भोपळे सुकायला ठेवलेले. चाचांनी चाळीस वर्षं मुंबईच्या स्टुडिओत गाणाऱ्यांचं रेकॉर्डिंग केलं आणि म्हातारपणी इथं येऊन राहिले. येताना काय आणलं, तर एक लाकडी पेटी. पेटीत व्हॉल्व्हचा जुना माइक. बाकी सगळं तिथंच सोडलं.

समोर श्रीरंग बुधगावकर. चाचांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. केबल गुंडाळण्यापासून शिकला. आता सांगलीत घरच्या घरी रेकॉर्डिंग करतो आणि लोक लांबून येतात. त्याला आपल्या कानाचा गर्व होता. गर्व खोटा नव्हता, हीच पंचाईत.

त्याच्या मांडीवर लॅपटॉप, शेजारी एक कोराकरकरीत माइक.

“हा मॉडेलिंगचा,” श्रीरंग म्हणाला. “माइक एकच, पण कॉम्प्युटरवर त्याचे अठरा होतात. सगळे जुने, नामांकित. एकदा रेकॉर्ड करायचं आणि कुठल्या माइकवर केलंय ते मागाहून ठरवायचं. तुमच्या पेटीतलाही आहे यात. सातवा.”

“सातवा,” चाचा म्हणाले.

“हो.”

“ऐकव.”

श्रीरंगनं आपल्याच आवाजातलं थोडं वाजवून दाखवलं. चाचांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगला आहे.”

श्रीरंग जरा गडबडला. म्हातारा नाक मुरडेल, मग आपण वाद घालू, अशी सगळी तयारी करून तो आला होता. ती फुकट गेली.

“म्हणजे चालेल?”

“कशाला चालेल?”

खरी गोष्ट श्रीरंगनं अजून काढलीच नव्हती.

“मालूआत्याचं करायचंय.”

चाचांनी चष्मा खाली ठेवला.

मालूआत्या म्हणजे श्रीरंगच्या वडिलांची बहीण. श्रीरंग चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून आत्यानंच त्याला वाढवलं. मिरजेतल्याच ब्राह्मणपुरीत एका खोलीत तिनं उभा जन्म पोरांना गाणं शिकवलं. स्वतःचं रेकॉर्डिंग मात्र कधी करू दिलं नाही. मशीनपुढं काय गायचं, म्हणायची. आता घशात गाठ निघाली होती. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया होती आणि स्वरयंत्र काढून टाकणार होते. ती जगेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बोलणार मात्र नाही.

आज रविवार होता.

“आता स्वतःहून म्हणाली, कर बाबा काय करायचं ते,” श्रीरंग सांगत होता. “तीन दिवस रोज बसवतोय तिला. अठराच्या अठरा लावून बघितले. एकातही ती सापडत नाही. म्हणून तुमच्याकडं आलो. नक्कल ती नक्कल. खऱ्या माइकमध्ये सापडेल.”

“कोण सापडेल?”

“आत्या. तिचा आधीचा आवाज.”

चाचांनी पेटीकडं एकदा बघितलं.

“आत्ताचा कसा आहे?”

“बसलाय. वरच्या सुरांना जात नाही. दोन ओळींत दम लागतो. पण माइक बरोबर निवडला तर खरखर झाकली जाते. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं,” चाचा म्हणाले. त्यांना ते आठवून फारसा आनंद झालेला दिसला नाही.

खाली कारखान्यात कोणीतरी तानपुऱ्याची घोडी घासून जवारी लावत होतं. कानस चालायची, थांबायची, तार छेडली जायची, पुन्हा कानस. दोघं थोडा वेळ तेच ऐकत राहिले.

“बसवलंस कुठं तिला?”

“माझ्या खोलीत. चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. या माइकला खोली एकदम मुकी लागते. खोलीचा आवाज आत आला की मॉडेल नीट बसत नाही.”

“तिच्या समोर काय?”

“माइक.”

“माइकच्या मागं?”

“गोधडी.”

“आणि तू?”

“गोधडीच्या पलीकडं. लॅपटॉप घेऊन.”

“तानपुरा कोणी धरला?”

“तानपुरा हेडफोनमध्ये दिला होता, चाचा. मोबाइलवरचा. खरा वाजवला तर तो माइकमध्ये शिरतो. एकदा शिरला की तिचा आवाज त्यातून वेगळा काढता येत नाही.”

चाचा त्याच्याकडं बघत राहिले. आत्याचा तानपुरा याच कारखान्यातला होता, चाचांच्या वडिलांच्या हातचा. आत्या सतरा वर्षांची असल्यापासून तो तिच्या खांद्याला होता.

“तानपुरा शिरला तर गाणं बिघडतं?”

“गाणं नाही... रेकॉर्डिंग.”

“हं.”

श्रीरंगला त्या हुंकाराचा राग आला. “सगळे असंच करतात हो आता. घरात स्टुडिओसारखी खोली कुठून आणायची? आवाज स्वच्छ मिळाला पाहिजे. एकदा स्वच्छ मिळाला की पुढचं सगळं आपल्या हातात.”

“आत्याचं लाव.”

श्रीरंगनं लावलं. स्वच्छ होतं. श्वास, ओठ, घशातली प्रत्येक खरखर वेगळी ऐकू येत होती. काम चोख होतं आणि ऐकवत नव्हतं. भीमपलास होता, पण आत्या तो परीक्षेला बसल्यासारखी म्हणत होती.

चाचांनी नवा माइक हातात घेतला. वजन बघितलं, जाळीवरून अंगठा फिरवला आणि तो उलटा फिरवला.

“याला पाठ आहे?”

“आहे की. आत दोन पडदे आहेत, पुढं एक, मागं एक. दोन्ही वेगवेगळे रेकॉर्ड होतात. मग त्या दोघांचा हिशोब करून मॉडेल तयार होतं.”

“मागचा एकटा ऐकलास कधी?”

“कशाला? त्यात काही नसतं.”

“लाव.”

“चाचा, त्यात नुसतं...”

“लाव. कापाकापी न केलेलं.”

श्रीरंगनं मूळ फाइल उघडली, पुढचा आवाज बंद केला आणि मागचा तेवढा चालू ठेवला. हेडफोन काढून लॅपटॉपवरच वाजवलं, म्हणजे दोघांना ऐकू येईल.

आधी खुर्ची करकरली. मग माउसचं टिकटिक. कोणीतरी नाक ओढलं. ते श्रीरंगचंच होतं. पलीकडून आत्याचं गाणं लांबून यावं तसं येत होतं. टिकटिक चालूच होती.

गाणं संपलं.

टिक. टिक.

“श्री, बरं झालं का रे?”

आत्याचा आवाज. गाण्यातला नव्हे, बोलण्यातला.

टिक. टिक. टिक.

“श्री...”

टिक.

“पुन्हा म्हणू का मी?”

मग एकदम जवळून, मोठ्यांदा, श्रीरंगचा आवाज. “आत्या, टेक फोर.”

पुन्हा गाणं. मध्येच खोकला आला, तो तिनं दाबला. पुन्हा गाणं, आणि मग शांतता.

“आता आलं का रे नीट?... कंटाळलास होय?”

टिक. टिक.

“टेक फाइव्ह, आत्या.”

तिसऱ्या वेळी गाणं संपल्यावर तिनं काही विचारलं नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि माउस.

श्रीरंगनं हात पुढं केला आणि बंद केलं.

“मला ऐकूच आलं नाही,” तो म्हणाला. “माझ्या कानावर हेडफोन होते... मी आधीचा टेक सातव्या माइकवर लावून बघत होतो.”

त्यानं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

“मधलं सगळं कापून टाकायचो. रोज. ऐकायचं काय त्यात, म्हणून.”

त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. जिनं त्याला पहिला सा ऐकायला शिकवला, तिला त्यानं गोधडीकडं तोंड करून बसवलं होतं आणि आपण पलीकडं बसून तिला शोधत होता. त्याचे डोळे भरून आले. चाचांनी ते बघितलं आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं चाचांनी लाकडी पेटी त्याच्यापुढं सरकवली.

“ने.”

“आता नको, चाचा.”

“मागायला आला होतास ना? मग ने.”

“म्हणजे खराच लावायचा?”

“दोन्ही लाव. मला काय विचारतोस? तानपुरा कोण धरणार ते सांग.”

“मी.”

“मग कॉम्प्युटरकडं कोण बघणार?”

श्रीरंगनं पेटी उचलली आणि पायऱ्या उतरून गेला.

बुधवारी दुपारी तो परत आला. पेटी जागेवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. दाढी वाढली होती, पण चेहरा निवळलेला होता.

“सोमवारी केलं,” तो म्हणाला. “तिच्याच खोलीत. गोधड्या लावल्या नाहीत. दोन्ही माइक एकाला एक लागून उभे केले, लॅपटॉप चालू करून भिंतीकडं फिरवून ठेवला आणि तिच्यासमोर तानपुरा घेऊन बसलो. म्हणाली, तुझी पंचमाची तार उतरलीय. आधी ती लावून घेतली. मग गायली.”

“किती?”

“सतरा मिनिटं. मध्ये खोकली. एकदा अंतरा विसरली आणि हसली. दूधवाला आला, त्याला म्हणाली, थांब रे बाबा, पोराला शिकवतेय.”

चाचांनी हात पुढं केला. श्रीरंगनं हेडफोन दिले.

“दोन फाइली आहेत. एक तुमच्या माइकची, एक माझ्या.”

“कुठली कुणाची?”

श्रीरंग ओशाळला. “लिहायचं राहिलं.”

पहिल्या दिवशी चाचांनी त्याला शिकवलेली पहिली गोष्ट ती होती. आवाजाच्या आधी चिठ्ठी. चिठ्ठी नाही लावली म्हणून त्यांनी एकदा त्याला भर स्टुडिओत सगळ्यांदेखत झापलं होतं. आज ते काही बोलले नाहीत.

पहिली फाइल सतरा मिनिटं ऐकली. मग दुसरी सतरा मिनिटं. खाली कारखान्यातली माणसं जेवायला गेली होती आणि गल्ली शांत होती. चाचा डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या वेळी दूधवाला आला तेव्हा ते किंचित हसले. नंतर बराच वेळ हसले नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

श्रीरंग वाट बघत होता.

“काल दिवसभर ऐकत होतो,” शेवटी तो म्हणाला. “मला कळेना कुठली खऱ्याची आणि कुठली नकलेची. खरं सांगतो. तुम्हाला कळलं?”

“कळलं.”

“म्हणजे फरक आहे.”

“आहे.”

श्रीरंग पुढं सरकला. इतकं होऊनही तो कानाचाच माणूस होता आणि त्याला राहवेना.

चाचांनी हेडफोन काढले, वायर गुंडाळली आणि ते त्याच्या हातात दिले.

“आत्या कुठं आहे आत्ता?”

“दवाखान्यात. सकाळी भरती केली. उद्या सातला आत घेणार आहेत. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी गप्पा मारत बसलीय. नर्सनं दोनदा सांगितलं बोलू नका म्हणून. ऐकत नाही.”

“आणि तू इथं.”

“हे तेवढं विचारून जाणार होतो...” श्रीरंग उठून उभा राहिला. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. “पण सांगा ना चाचा. फरक आहे तो कितीसा आहे?”

चाचांनी पेटीचं झाकण लावलं.

“उद्या विचार.”